४८ व्होल्टच्या नादाला लागू नका, आधी भिंत बघा

पुण्याजवळच्या वाकडहून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून थोडक्यात देतो:

"दादा नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलोय. पडद्यांचे रॉड, किचनमधलं शेल्फ, फ्रेमा, आरसा, सगळं अजून जमिनीवरच आहे. माणूस बोलावला तर भोकामागे पैसे घेतो आणि आज येतो म्हणून चार दिवसांनी उगवतो. म्हणून स्वतःच कॉर्डलेस ड्रिल घ्यायचं ठरवलंय. ऑनलाइन ४८ व्होल्टचा सेट दिसतोय, दोन बॅटऱ्या आणि शंभरेक बिट वगैरे, तीन हजारात. दीर म्हणतात असलं काही घेऊ नकोस, एकदाच १८ व्होल्ट ब्रशलेस घे. मामेभाऊ अमेरिकेत असतो, तो दिवाळीत येतोय, म्हणतो तिकडून स्वस्तात आणतो. गावी देवरुखजवळ जुनं घर आहे, पावसाळ्यात तिथे लाइट सारखी जाते, तिथेही वापरता यावं. बजेट आठ हजार. मी आजवर ड्रिल हातात धरलेलं नाही, वजन झेपेल का? आणि मिस्टर म्हणतात दोनदा वापरशील आणि माळ्यावर टाकशील."

ताई, नमस्कार. मिस्टरांचं शेवटी बघू. तुम्ही व्होल्ट सांगितले, बजेट सांगितलं, दीर आणि मामेभाऊ काय म्हणाले तेही सांगितलं, पण ज्या भिंतीत भोकं पाडायचीत ती कशाची आहे ते नाही सांगितलंत. आणि सगळा निर्णय त्या भिंतीवर आहे हो, कंपनी-बिंपनी नंतर.

वाकड, हिंजवडी, ताथवडे या पट्ट्यातल्या नव्या टॉवरपैकी बरेच मिवान पद्धतीचे आहेत, म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब सगळं एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. त्यात वीट नसतेच, बेडरूममधली आतली पातळशी भिंत पण काँक्रीट. तुमची बिल्डिंग तशी आहे का हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. खोलीच्या कोपऱ्यात कॉलम पुढे आलेले दिसतात का बघा, दिसले आणि छताखाली बीम पण उतरलेले असले तर बहुतेक जुन्या पद्धतीचं बांधकाम, म्हणजे सांगाडा काँक्रीटचा आणि मध्ये वीट नाहीतर ब्लॉक. कोपरे सगळे सपाट आणि भिंतीवर कुठेही ठोकलं तरी सारखाच घट्ट आवाज, तर मिवानची शक्यता जास्त. ब्रोशरमध्ये अॅल्युमिनियम फॉर्मवर्क असं लिहिलेलं सापडतं, नाहीतर सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला विचारा, तो एका वाक्यात सांगेल. एसी लावायला माणूस आला असेल तर त्याच्या भोकातून कसली पूड पडली होती आठवा: लाल असेल तर वीट, पांढरट राखाडी आणि बोटाला मऊ लागणारी असेल तर एएसी ब्लॉक (आपल्याकडे सगळे त्याला सिपोरेक्सच म्हणतात), आणि बारीक सिमेंटसारखी करडी पूड, तीही अगदी थोडी थोडी पडत होती आणि मशीन किंचाळत होतं, तर काँक्रीट.

एवढं खोदून का विचारतोय तर कॉर्डलेस ड्रिलवर हातोडीचं चित्र असतं ना, त्याला इम्पॅक्ट ड्रिल म्हणतात, त्याच्या आत दातेरी दोन चकत्या एकमेकींवर घासतात आणि बिट कडकड करत पुढेमागे हलतो, पण अगदी जरासाच, आणि त्या ठोक्यात जोर किती तर तुम्ही मागून जेवढा दाबाल तेवढा. विटेला तो पुरतो, ब्लॉकला तर त्याची गरजच नाही, काँक्रीटला मात्र तो पुरत नाही. काँक्रीटसाठी रोटरी हॅमर नावाचं वेगळं मशीन येतं, त्यात पिस्टन असतो आणि तो हवेच्या दाबाने बिटच्या मागे स्वतः ठोसे मारतो, तुम्ही नुसतं धरून उभं राहायचं. त्याचे बिटही वेगळे, मागच्या दांड्याला खाचा असलेले, एसडीएस प्लस म्हणतात, ते साध्या ड्रिलच्या चकमध्ये (बिट पकडणाऱ्या तोंडात) लावायचे नसतात. दुकानात "हॅमर ड्रिल द्या" म्हटलं की दुकानदार यातलं काहीही हातात ठेवू शकतो, म्हणून खोका उघडायला लावून तोंड बघायचं, तीन जबड्यांचा चक आहे की एसडीएसचं भोक.

आता तुम्ही म्हणाल आमची वीट निघाली तर सुटलो. नाही ना. तुमचं पहिलं काम पडद्याचे रॉड, आणि पडद्याचा रॉड लागतो खिडकीच्या वर, आणि खिडकीच्या वर विटेच्या घरातसुद्धा लिंटेल (खिडकीवरची आडवी पट्टी) नाहीतर बीम असतो, म्हणजे काँक्रीटच. नवीन कॉर्डलेस घेतलेला माणूस हमखास पहिल्याच दिवशी स्टुलावर चढून तिथेच हरतो. गिलावा सर्रकन जातो, अर्धा-पाऊण इंच बिट आत गेला की एकदम थांबतो, पूड यायची बंद होते, बिटचं टोक निळं पडतं, मग माणूस अजून जोर लावतो, बॅटरी गरम होऊन मशीन आपोआप बंद पडतं (चांगलं असेल तर, हलकं असेल तर आधी वास येतो), आणि घरात सगळे म्हणतात मशीनच फालतू निघालं. मशीन फालतू नसतं, काम त्याचं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं की पडद्यांची आणि जड वस्तूंची सगळी भोकं एकाच दिवशी काढून टाका, भाड्याच्या रोटरी हॅमरने. हार्डवेअरवाले किंवा टूल रिपेअरवाले रोजावर मशीन देतात, डिपॉझिट घेतात, बिट तुमचा असेल तर उत्तम. आधी घरभर पेन्सिलने खुणा करून ठेवा, सगळ्या, आरशाच्या पण, मग मशीन आणा. नाहीतर त्याच भोकामागे पैसे घेणाऱ्या माणसाला एकदा बोलवा आणि एकाच फेरीत सगळं करून घ्या, वीसेक भोकं एकदम म्हटल्यावर तो दरही कमी करतो. हे एक दिवसाचं काम आहे ताई, त्यासाठी जन्मभराचं मशीन निवडू नका. त्यानंतर घरात जे रोज-आठवड्याला निघतं ते वेगळंच असतं: कपाटाची बिजागरी सैल झाली, ऑनलाइन आलेलं टेबल जोडायचंय, स्विचबोर्डची प्लेट काढायचीय, लाकडात भोक, पडद्याचा ब्रॅकेट कसायचाय, विटेच्या भिंतीत घड्याळासाठी एखादा सहा एमएमचा होल. या सगळ्याला १२ व्होल्टचं चांगल्या कंपनीचं ड्रिल भरपूर झालं, आणि तेच घ्या.

आता त्या ४८ व्होल्टचं. लिथियमच्या एका सेलचं व्होल्टेज असतं सरासरी ३.६, पूर्ण चार्ज झाला की साधारण ४.१-४.२. तीन सेल एकापुढे एक जोडले की १०.८, त्यालाच बाजारात १२ व्होल्ट म्हणतात. पाच जोडले की १८, आणि तेच पाच फुल चार्ज असताना मोजले की २०-२१. म्हणजे १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स आणि त्या स्वस्त मशीनवर लिहिलेलं २१ व्होल्ट हे तिन्ही एकच, डीवॉल्ट एकच मशीन युरोपात १८ म्हणून विकते आणि अमेरिकेत २० मॅक्स म्हणून. इथपर्यंत ठीक आहे, निदान हिशोब तरी लागतो. ४८ व्होल्ट खरे हवे असतील तर तेरा सेल एका ओळीत लागतात, तशी बॅटरी ई-सायकलला असते, बघितली असेल तुम्ही, पाण्याच्या बाटलीच्या जागी लावतात तो भलामोठा ठोकळा. तुमच्या त्या ऑनलाइन सेटच्या फोटोतली बॅटरी मुठीएवढी आहे. तिच्यात तीन नाहीतर पाच सेल मावतात, सहावाही कसाबसा. ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, १२८ व्हीएफ असे जे आकडे छापतात ते स्टिकर छापणाऱ्याच्या मनावर असतात, त्या व्हीएफला काही अर्थ नाही.

बॅटरीत खरा साठा किती ते बघायचं असेल तर बॅटरीवर वॉट-अवर लिहिलेत का शोधा. १८ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर, १०.८ गुणिले २ म्हणजे साडेएकवीसच्या आसपास. खरी कंपनी हा आकडा बॅटरीवर छापते. आणि आपल्याकडे लिथियम बॅटरीला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि शेजारी आर ने सुरू होणारा नंबर बॅटरीवर असला पाहिजे, तो नसेल तर ती वस्तू मुलांच्या खोलीत रात्रभर चार्जिंगला लावायची का, तुम्हीच ठरवा. तसं त्या स्वस्त सेटने फर्निचरचे स्क्रू कसले जातात, नाही असं नाही, काही लोकांकडे दोन-दोन वर्षं चालतातही. अडचण येते ती बॅटरी गेल्यावर, कारण तसलीच दुसरी बॅटरी मिळत नाही, त्या विक्रेत्याचं नावच तोपर्यंत बदललेलं असतं, आणि शंभर बिटांपैकी निम्मे पहिल्या घट्ट स्क्रूवर गोल होतात. तीन हजारात घ्यायचंच असेल तर मी वायरवालं ५०० वॉटचं नावाजलेल्या कंपनीचं इम्पॅक्ट ड्रिल घ्या म्हणेन, त्याच पैशात येतं, बॅटरी मरायची भानगड नाही आणि विटेत ते कुठल्याही छोट्या कॉर्डलेसला मागे टाकतं.

मग वायरवालंच का नको? फक्त वाकडचं घर असतं तर मी तेच सुचवलं असतं खरं तर. पण दोन गोष्टी आहेत. एक, वायरवालं ड्रिल स्क्रू कसायला वाईट, एकतर त्याला क्लच (स्क्रू पुरेसा कसला की आपोआप सोडून देणारी सोय) नसतो आणि वेग आवरत नाही, प्लायमध्ये स्क्रूचं डोकं आत घुसतं. दुसरी तुमचं देवरुखचं घर.

तिथल्या भिंती जांभ्याच्या असणार, जुनं घर म्हणताय म्हणजे जवळपास नक्कीच. जांभ्यात भोक पाडायला काहीच ताकद लागत नाही, उलट कमी लागते हाच प्रॉब्लेम. चिरा आतून भोकाभोकांचा असतो, हॅमरवर टाकून बिट घातला की सहाच्या जागी नऊचं भोक होतं आणि रावल प्लग (स्क्रू धरायला भोकात घालतात ती प्लास्टिकची नळी) नुसता आत फिरत बसतो. हॅमर बंद, साधा ड्रिल मोड, वेग कमी, एक नंबर बारीक बिट वापरायचा आणि प्लग नेहमीपेक्षा लांब घ्यायचा, तो हातोडीने हलकेच ठोकत आत बसला पाहिजे, बोटाने सरकला तर धरणार नाही. चिऱ्याच्या मधोमध मारा, सांध्यात मारू नका, जुन्या घरात सांध्यात माती नाहीतर चुना असतो, तो भुसभुशीत निघतो. जड काही टांगायचं असेल तर सरळ वाशाला नाहीतर चौकटीच्या लाकडाला धरा. हे सगळं १२ व्होल्टमध्ये आरामात होतं, आणि लाइट नसताना होतं, तिथे कॉर्डलेसचे पैसे वसूल आहेत.

(लाइटवरून आठवलं, वाकडच्या घरातही याचा एक फायदा आहे जो सहसा कुणी सांगत नाही. भिंतीत वायर आहे की काय अशी शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडून बिनधास्त भोक मारता येतं, वायरवाल्या ड्रिलला मग दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन ओढत बसायला लागतं. तरी स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली मारूच नका, पाइप तिथूनच जातात, आणि मिवानमध्ये ते काँक्रीटमध्येच गाडलेले असतात, एकदा फुटला की नवीन वायर ओढायलाही मारामार.)

दिरांचं म्हणणं चुकीचं नाहीये. १८ व्होल्ट जास्त ताकदवान, ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन नसतात म्हणजे ते झिजून बदलायची कटकट नाही, त्याच बॅटरीवर जास्त काम निघतं. पण सुताराला दिवसाकाठी दोनशे स्क्रू मारायचे असतात, तुम्हाला महिन्यात वीस. साध्या मोटरचे कार्बन घरगुती वापरात वर्षानुवर्षं जातात आणि गेले तरी ते बदलणं स्वस्तातलं काम आहे. वजनाचा फरक मात्र पहिल्याच दिवशी जाणवतो: १२ व्होल्टचं बॅटरीसकट साधारण किलोभर, १८ चं दीड किलोच्या आसपास किंवा वर, आणि तुम्ही ते स्टुलावर उभं राहून डोक्याच्या वर एका हाताने धरणार आहात. झेपेल का विचारलंत ना, किलोभराचं नक्की झेपेल. आणि आठ हजारात १८ व्होल्ट ब्रशलेस, दोन बॅटऱ्या आणि चार्जर असं चांगल्या कंपनीचं बसवणं कठीणच, बसलं तर एकच बॅटरी मिळेल.

एकाच परिस्थितीत मी दिरांच्या बाजूने आहे. गावच्या घरी उद्या बॅटरीवरचा ग्रासकटर, फांद्या छाटायची करवत, ब्लोअर असलं काही घ्यायचा विचार असेल तर. कारण तेव्हा तुम्ही ड्रिल विकत घेत नसता, बॅटरीचं घराणं विकत घेत असता, पुढचं प्रत्येक मशीन नुसतं बॉडी घ्यायचं आणि बॅटरी तीच लावायची. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी बॅटरी २००५ साली आली आणि आजही तेच तोंड चालू आहे, असं टिकणारं घराणं असेल तर पैसे टाकायला हरकत नाही. पण यात एक खड्डा आहे आणि भले भले त्यात पडतात. कंपनी एक म्हणून बॅटरी एक असं नसतं. बॉशची हिरवी, म्हणजे घरगुती मशीनची, १८ व्होल्ट बॅटरी निळ्या प्रोफेशनल मशीनला लागत नाही, निळी हिरव्याला लागत नाही. मकिताची जी सिरीजची बॅटरी एलएक्सटीला बसत नाही. कुठल्याही कंपनीची १२ ची १८ ला अर्थातच नाही. सेलमध्ये स्वस्तात दिसलं म्हणून एक हिरवं, एक निळं घेऊन बसलेली घरं आहेत, दोन चार्जर, दोन डबे, आणि कुणाचं काय कुणाला लागत नाही.

मामेभावाचं सरळ नाही म्हणून सांगा, नीट समजावून. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, तिथले टूलचे चार्जर बहुतेक १२० वरच चालणारे असतात, मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरसारखे १०० ते २४० वाले नाहीत. नुसता पिन बदलायचा अडॅप्टर लावून आपल्या २३० मध्ये घातला की संपला. चार्जरच्या मागे इनपुट लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही. मग स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, तो जड आणि वेगळा खर्च, बिघडलं तर इथल्या सर्व्हिस सेंटरला तिकडची वॉरंटी दाखवून सहसा काही होत नाही. शिवाय विमानात ड्रिल जायला हवं चेक-इन बॅगेत आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, उलटं केलं की सिक्युरिटीवर काढून ठेवतात. भावाला काही आणायचीच हौस असेल तर इम्पॅक्ट रेटेड स्क्रू बिटांचा चांगला सेट आणायला सांगा, वजन नाही, करंट नाही, वॉरंटी नाही.

आता दुकानात जायचं तर वाकडहून बोहरी आळी गाठा एखाद्या दुपारी, रविवार पेठेत, पार्किंगच्या नादाला न लागता. मुंबईकडे कुणी वाचत असेल तर नागदेवी स्ट्रीट. ऑनलाइन पाच-सातशे वाचतील कदाचित, पण ड्रिल हा चपलेसारखा प्रकार आहे, हातात घेतल्याशिवाय कळत नाही, आणि तुम्ही पहिल्यांदाच घेताय. मूठ तुमच्या हातात पूर्ण बसते का, तर्जनी ट्रिगरवर आरामात पोचते का बघा, काही मशीनची मूठ जाड असते आणि लहान हातांना ती दहा मिनिटांत दुखवते. बॉशचं १२ व्होल्टचं जीएसबी १२० आपल्याकडे सगळीकडे मिळतं, सुट्या बॅटऱ्या मिळतात, दुरुस्ती करणारे सापडतात, एवढ्यासाठीच मी ते यादीत पहिलं ठेवेन, मकिता आणि डीवॉल्टची १२ ची मशीनंही बघा, हातात बरं वाटेल ते घ्या. दोन बॅटऱ्या आणि चार्जरचा सेट सहा-सात हजारांच्या घरात बसतो, सेलमध्ये खाली येतो. दुकानदाराला तीन गोष्टी करायला लावा. चकमध्ये एक लांब बिट लावून मशीन हळू फिरवायचं आणि बिटच्या टोकाकडे बघायचं, टोक गोल गोल डोलत असेल तर दुसरा पीस मागा. ट्रिगर अगदी हलका दाबल्यावर मशीन हळू फिरायला सुरुवात करतं का बघा, एकदम झटका मारत असेल तर नको. आणि नुसत्या बॅटरीची किंमत विचारा, तिथल्या तिथे, कारण तीन-चार वर्षांनी तीच घ्यायला येणार आहात. जीएसटी बिलावर सिरियल नंबर घालून घ्या. जुळ्या दिसणाऱ्या डुप्लिकेट बॅटऱ्या बाजारात भरपूर आहेत, ऑनलाइन तर फारच.

इम्पॅक्ट ड्रिल म्हणताना कुणी इम्पॅक्ट ड्रायव्हर हातात देईल, नावं सारखी आहेत. बुटकं, चक नसलेलं, षटकोनी भोकाचं मशीन असतं ते. लांब स्क्रू ठोकायला जबरदस्त, पण त्याला क्लच नसतो, तुमच्या टेबलाच्या भुश्याच्या बोर्डाचा चुरा करून ठेवेल. आणि कॉर्डलेस अँगल ग्राइंडर दोनशे रुपयांत वर देतो म्हणाला तरी नको. पहिलं मशीन म्हणून तर अजिबात नको, त्याने लाकूड कापायच्या दातेरी चकत्या मिळतात त्या तर कुणीच हातात घेऊ नयेत.

उरलेले हजार-दीड हजार बिटांवर घाला, हे लोक विसरतातच. मेसनरी बिट सहा आणि आठचे, नामांकित कंपनीचे, सुटे. लाकडासाठी तीन, चार आणि सहाचे. पीएच २ चे (अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचे) चांगले स्क्रू बिट पाच-सहा, आपल्याकडच्या बहुतेक स्क्रूला तेच लागतात. चांगले नायलॉनचे प्लग एक पाकीट. आणि डोळ्यांना गॉगल, शंभर रुपयांचा, छताकडे तोंड करून भोक पाडताना पूड कुठे पडते याचा एकदा विचार करा. बाथरूममध्ये काही लावायचं असेल तर व्हिट्रिफाइड टाइलला साधा मेसनरी बिट चालत नाही, डायमंडचा येतो, हॅमर बंद ठेवून आणि पाणी शिंपडत हळू. खरं सांगायचं तर टाइलवर आधी चिकटणारे हुक लावून बघा, तडकलेली टाइल बदलायची म्हणजे मॅचिंग शोधत फिरायचं.

चकच्या मागे आकड्यांची एक रिंग असते, एक ते पंधरा किंवा वीस, पुढे ड्रिलचं चित्र आणि मग हातोडी. तो क्लच. स्क्रू ठरलेल्या जोरापर्यंत कसला गेला की कट कट कट करून मशीन सोडून देतं. टेबल जोडताना चारवर ठेवा, पुरत नसेल तर सहा, मग आठ, असं वर जायचं, वरून खाली यायचं नाही. डोक्यावर एक-दोनची पट्टी असते, एक म्हणजे हळू आणि जोरात, स्क्रूसाठी, दोन म्हणजे वेगात, भोकासाठी, आणि ती मशीन पूर्ण थांबल्यावरच सरकवायची. पहिले काही तास जुन्या फळीच्या तुकड्यावर घालवा. ओढणी, बांगड्या, मोकळे केस आवरून, आणि हातमोजे नकोत, फिरणाऱ्या बिटने मोजा धरला तर हात सोडवायला वेळ मिळत नाही.

बॅटरी गावी ठेवून येऊ नका. कोकणातल्या पावसाळ्यात बंद घरात चकला गंज चढतोच, मशीनला थोडं तेलाचं फडकं फिरवून कोरड्या डब्यात ठेवलं तर चालून जाईल, पण बॅटरी वाकडला परत आणा. पूर्ण उतरलेली बॅटरी सहा-आठ महिने तशीच पडली तर चार्जर तिला घेतच नाही, लाल लाइट लुकलुकत राहतो. पडून राहणार असेल तर अर्धीमुर्धी चार्ज करून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी बघत राहा. आधी पूर्ण उतरवून मगच चार्ज करायची ही जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातली सवय, लिथियमला त्याची गरज नाही. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नका आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका.

मिस्टरांचं राहिलं. त्यांना म्हणावं माळ्यावर जाणारं मशीन बहुतेक वेळा चुकीच्या भिंतीसाठी घेतलेलं असतं, आणि रोटरी हॅमर आणाल त्या दिवशी दुपारी सुट्टी काढा, कुणीतरी खाली व्हॅक्युमचा पाइप भोकाखाली धरायला लागतो. सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिलिंग बंद असेल, तो नियम आधी वॉचमनला विचारून घ्या. आणि भिंत कशाची निघाली ते कळवा, मिवान असेल आणि टीव्ही, गीझर असलं जड काही लावायचं राहिलं असेल तर अँकर फास्टनर कोणता घ्यायचा ते वेगळं लिहितो, तिथे प्लास्टिकच्या प्लगवर भागवू नका.